घरच्या घरी फ्लेवर्ड आइस्ड एस्प्रेसो: आधी बर्फाचा हिशेब, मग सिरप

माझी पहिली आइस्ड लाटे, म्हणजे बर्फ आणि दूध घातलेली एस्प्रेसो, कॉफीचा कप विसळलेल्या पाण्यासारखी झाली होती. गरम लाटेचंच माप घेतलं, त्यात बर्फ टाकला, वरून साखर घालून ढवळलं. वरचे घोट पांचट आणि तळाचा एक घोट नुसता पाक. त्यानंतर बरेच दिवस मी कॉफीला बोल लावला, मग यंत्राला, मग दुधाला. प्रत्यक्षात चुकत होता तो माझा हिशेब. बर्फ म्हणजे नुसता थंडावा नव्हे, पेल्यात जरा उशिरा येणारं ते पाणीच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच-सहा मिनिटांनी पेल्यात जे काही असणार आहे, त्याचं माप आधी ठरवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. घरी एस्प्रेसोचं, म्हणजे दाबाने थोडी पण दाट कॉफी काढणारं, यंत्र नसेल तरी चालेल, त्याची सोयही पुढे सांगितली आहे.

१. आधी काय काय लागतं ते बघा

- कॉफी काढायचं साधन: एस्प्रेसो यंत्र, मोका पॉट (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं भांडं) किंवा एअरोप्रेस (हाताने दाबून कॉफी काढायची नळी)
- एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा
- घट्ट झाकणाची बरणी किंवा कॉकटेल शेकर
- बारीक गाळणी
- मोठे चौकोनी खडे होतील असा बर्फाचा साचा
- सुमारे ४०० मिलीचा जाड बुडाचा पेला
- सिरपसाठी एक जाड बुडाचं उंच पातेलं आणि झाकणाच्या काचेच्या बाटल्या
- बाटल्यांवर तारीख लिहायला चिकटपट्टी आणि पेन (यावर हसू नका, आठव्या पायरीला कळेल)

दूध फेसाळणारा हातातला छोटा फ्रॉदर असला तर मजा आहे, नसला तर झाकणाची बरणी जोरात हलवून काम भागतं. दळणयंत्र असेल तर उत्तम. नसेल तर कॉफी विकत घेताना आपलं साधन कोणतं ते सांगून दळून घ्या, कारण एस्प्रेसोचं दळण मोका पॉटपेक्षा बारीक असतं.

या यादीतली एकच वस्तू घ्यायची झाली तर काटा घ्या. सुंदर पेले, सिरपचे पंप, बांबूचे चमचे हे सगळं मी आधी जमवलं आणि काटा सगळ्यात शेवटी आणला. क्रम नेमका उलटा हवा होता.

२. बर्फाचा हिशेब

एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोला शॉट म्हणतात. दुहेरी शॉट म्हणजे साधारण ३६ ग्रॅम एस्प्रेसो. पेल्यात पडते तेव्हा ती ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिला शून्यापर्यंत आणायला साडेदहा हजार ज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल शोषतो. फ्रीझरमधला बर्फ उणे १८ अंशांचा असेल तर शून्यावर येईपर्यंत आणखी थोडी शोषतो. भागाकार केला की उत्तर येतं २८ ते ३० ग्रॅम. म्हणजे कॉफी जेवढी, जवळपास तेवढंच पाणी पहिल्या मिनिटभरात तिच्यात येऊन मिसळतं. फ्रीजमधलं १२० मिली दूध त्या मानाने गरीब, त्याला थंड करायला सात-आठ ग्रॅम बर्फ पुरतो.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली: पांचट होते म्हणून बर्फ कमी टाकणं हा उपाय नाही. कॉफीला जेवढी उष्णता टाकायची आहे तेवढी ती टाकणारच. तुम्ही दोनच खडे दिलेत तर ते दोन्ही संपतात, पाणी व्हायचं ते होतंच आणि वर पेय कोमट व्हायला लागतं. पेला बर्फाने भरा. माझं माप १५० ग्रॅम आहे.

दुसरी: कॉफी बर्फावर जायच्या आधीच थोडी थंड करा. छोट्या स्टीलच्या वाटीत शॉट काढायचा, ती वाटी थंड पाण्याच्या भांड्यात ठेवून दीड-दोन मिनिटं हलवायची. कॉफी २५ अंशांवर आली की वितळणारा बर्फ ३० ग्रॅमवरून दहाच्या आसपास येतो. इतक्या स्वस्तात दुसरी कुठलीही सुधारणा मला सापडलेली नाही. मात्र पेल्यातले थर दाखवायचे असतील तर हे करू नका, त्याचं कारण पाचव्या पायरीत आहे.

तिसरी: खडे मोठे आणि कोरडे हवेत. चुऱ्याला पृष्ठभाग जास्त, म्हणून तो भराभर वितळतो. बर्फ बाहेर काढून ठेवला असेल तर त्याच्या अंगावरचं पाणी आधी निथळून टाका, नाहीतर ते फुकटचं पाणी मापात येतं. आणि फ्रीझरमध्ये उघडा ठेवलेला बर्फ शेजाऱ्यांचे वास धरतो. कांद्याच्या वासाची व्हॅनिला लाटे मी प्यायले आहे, म्हणून सांगते, साच्याला झाकण हवंच.

कॉफीचेच खडे गोठवा असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो फारसा पटत नाही. उरलेली शिळी कॉफी गोठवली तर पेय शेवटी शेवटी कडवट होत जातं. त्यापेक्षा दुधाचे खडे बरे. पण त्यात साखर जास्त घालू नका, साखरेमुळे ते नीट गोठत नाहीत आणि पेल्यात पटकन विरतात.

३. शॉट काढा, आणि तो जरा तगडा काढा

एस्प्रेसो यंत्र असेल तर ठरलेली सुरुवात अशी: १८ ग्रॅम कॉफी, त्यातून ३६ ग्रॅम पेय, २५ ते ३० सेकंदांत. पाणी ९० ते ९६ अंश, दाब ९ बार (बार हे दाबाचं एकक). बर्फ आणि दूध दोन्ही येणार असतील तर मी ३६ ऐवजी ३० ग्रॅमवर थांबवते. शॉट १५ सेकंदांत धो धो आला तर दळण जाड आहे, चव आंबट-पातळ येईल. ४५ सेकंद थेंब थेंब गळत राहिला तर दळण फार बारीक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, वजन आणि यंत्रात कॉफी दाबणं असं तिन्ही एकदम बदलून मी कॉफीची अख्खी पिशवी वाया घालवली आणि शेवटी शिकले काय, तर काहीच नाही.

मोका पॉट असेल तर खट्टू होऊ नका. हे भांडं १९३३ साली इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांनी आणलं, आणि त्याचा दाब एक-दोन बारच्या आसपास असतो. त्यातून जाड सोनेरी क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा फेस, येत नाही. पण एस्प्रेसोवरही हा क्रेमा आला तो मिलानच्या आकिले गाज्जिया यांची स्प्रिंगच्या दट्ट्याची यंत्रं १९४० च्या दशकाच्या शेवटी आली तेव्हा. त्याआधीची वाफेवर चालणारी यंत्रं दाबाच्या बाबतीत मोका पॉटचीच भावंडं होती. शिवाय बर्फ आणि दुधाखाली क्रेमाचा पत्ताही लागत नाही.

मोका पॉट वापरताना खालच्या भागात गरम पाणी सुरक्षा झडपेच्या खालपर्यंतच भरा. कॉफी सपाट भरा, दाबू नका. आच मंद ठेवा आणि फुरफुर आवाज सुरू होताच भांडं उतरवा. त्या आवाजानंतर येते ती बहुतेक वाफ आणि कडूपणा. एका पेयाला ६० मिली घ्या. कॉफी जास्त म्हणजे बर्फही जास्त वितळणार, म्हणून दूध १२० वरून ९० मिलीवर आणा.

एअरोप्रेस हे अॅलन अॅडलर यांचं २००५ सालचं साधन. त्यात १८ ग्रॅम बारीक कॉफी, सुमारे ९० अंशांचं ८० मिली पाणी, दहा सेकंद ढवळणं, मिनिटभर थांबणं आणि सावकाश दाबणं. भुकटी बरंच पाणी स्वतःकडे ठेवून घेते, म्हणून हाती ४५-५० मिली येतं. तेवढं एका पेल्याला पुरे.

यातलं काहीच नसेल तर दोन सपाट चमचे इन्स्टंट कॉफी ४० मिली गरम पाण्यात विरघळवा. ही एस्प्रेसो नव्हे, हे मान्य. पण चॉकलेट किंवा दालचिनीच्या पेयात ती बेमालूम खपून जाते.

कॉफी कुठली घ्यायची? दुधाच्या आणि गोड पेयांना मध्यम ते गडद रोस्ट, म्हणजे भाजणी. हलका रोस्ट थंड दुधात आंबट लागतो, तो सहाव्या पायरीतल्या एस्प्रेसो टॉनिकसाठी राखून ठेवा. पिशवीवर भाजल्याची तारीख बघा. आठवडा ते महिनाभर जुनी कॉफी वागायला सगळ्यात सरळ असते. अगदी कालपरवा भाजलेलीत कार्बन डायऑक्साइड इतका असतो की शॉट नुसता फेसाळतो.

४. सिरप: खरं काम इथे आहे

थंड कॉफीत दाणेदार साखर घालू नका. ती विरघळते, पण इतकी सावकाश की तोवर तुमचं पिऊन होतं. शिवाय थंड जिभेला गोड कमीच कळतं. गोडाची खबर मेंदूकडे पोचवण्यात टीआरपीएम५ नावाच्या प्रथिनाचा हात असतो आणि ते उबेत जोमाने, गारव्यात मंदपणे काम करतं. म्हणून सिरप गरम असताना चाखून ‘अबब, किती गोड’ असं वाटलं तरी घाबरू नका.

मूळ सिरप: २०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम पाणी. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवा. खळाखळा उकळत बसलात तर पाणी उडतं आणि पुढचं माप चुकतं. यातून सव्वातीनशे मिलीच्या आसपास सिरप निघतं. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, साधारण १८ ग्रॅम भरतो आणि त्यात ९ ग्रॅम साखर असते. एका पेयाला हा एक चमचा ही सुरुवात, पुढे आपापल्या जिभेप्रमाणे. आणि चिमटीभर मीठ बाटलीत जरूर घाला. मिठाने कडूपणा दबतो आणि सिरप खारटही लागत नाही.

आता फ्लेवर एकेक करून.

व्हॅनिला. शेंग असेल तर ती उभी चिरून बिया खरवडा आणि सालीसकट गरम सिरपमध्ये रात्रभर मुरू द्या. अर्क असेल तर दोन छोटे चमचे, पण पातेलं उतरवून सिरप कोमट झाल्यावरच. अर्क अल्कोहोलमध्ये केलेला असतो. उकळत्या पाकात टाकलात तर घरभर छान वास सुटतो, म्हणजे जो वास पेल्यात यायला हवा तो हवेत गेला. शेंग महाग का असते याचं उत्तर फुलात आहे. हे फूल एकच दिवस उमलतं आणि मळ्यांत त्याचं परागीभवन हाताने करावं लागतं. ही हाताची युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली.

दालचिनी. दोन-तीन कांड्या सिरपमध्ये दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, झाकून तासभर मुरवा, गाळा. पूड वापरू नका. तिने सिरप बुळबुळीत होतं, अगदी तार धरतं, आणि गाळूनही ती पुरती निघत नाही. साध्या साखरेऐवजी ब्राऊन शुगर घेतली तर तिच्यातल्या मळीची चव दालचिनीला फार छान धरते. माझ्याकडे ही बाटली सगळ्यात आधी संपते.

कॅरमेल. इथे सावध राहा. २०० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम पाणी उंच पातेल्यात घ्या. साखर विरघळली की चमचा बाजूला ठेवा, ढवळलं तर पुन्हा खडे धरतात. फक्त पातेलं फिरवा. साखर साधारण १६० ते १७० अंशांवर रंग बदलायला लागते आणि मग सगळं फार वेगाने घडतं: सोनेरी, मधासारखी, तांबूस, आणि पुढच्या काही सेकंदांत जळकी. तांबूस दिसताच आच बंद करा आणि १५० ग्रॅम *गरम* पाणी थोडं थोडं, हात लांब ठेवून ओता. ते जोरात उसळतं. मी थंड पाणी एकदम ओतलं होतं. अर्धी साखर दगड होऊन बसली, बाकीची शेगडीवर उडाली आणि मनगटावर पडलेला एक थेंब पुढे दोन आठवडे दिसत होता. या कामाला लांब बाह्या घाला आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर पाठवा.

कॅरमेलबद्दल आणखी एक. लोणी-साईचा कॅरमेल सॉस आणि कॅरमेल सिरप हे एक नव्हे. सॉसमधली चरबी बर्फावर थिजते आणि पेल्याच्या बुडाला गोळा होऊन बसते. सॉस शोभेसाठी पेल्याच्या आतून फिरवा, चवीची भिस्त मात्र सिरपवर ठेवा.

चॉकलेट. ६० ग्रॅम कोको आणि २०० ग्रॅम साखर *कोरडीच* एकत्र करा, मग २०० ग्रॅम गरम पाणी थोडं थोडं घालत फेटा आणि दोन मिनिटं मंद आचेवर शिजवा. कोको सरळ पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात, कारण तो सहजी भिजत नाही. साखरेचे दाणे त्याला सुटं ठेवतात. थंड दुधात कोको ढवळायचा प्रयत्न तर करूच नका.

संत्रं. रस नको, साल हवी. फक्त नारिंगी भाग सोला, पांढरा भाग कडू असतो. दोन संत्र्यांची साल गरम सिरपमध्ये अर्धा तास ठेवून काढून टाका. सालीत सुगंधी तेल असतं, रसात आम्ल. दुधातलं केसिन हे प्रथिन आम्लता ४.६ पीएचच्या आसपास पोचली की फाटतं आणि कॉफी स्वतःच थोडी आंबट असते. मी हौसेने रसाचं सिरप करून लाटेत घातलं आणि पेल्यात दुधाचे कण तरंगायला लागले. सालीच्या सिरपने असं होत नाही.

पुदिना. गरम सिरपमध्ये वीस मिनिटं, मग पानं काढा. जास्त ठेवलीत तर गवतासारखी चव येते.

हेझलनट आणि तत्सम सुक्या मेव्याचे फ्लेवर मी विकतच घेते. दाणे भाजून, कुटून, मुरवून तीन वेळा पाहिलं. चव येते ती दुबळी आणि वर तेलाचा तवंग. घेताना मात्र लेबल वाचा, कुणाला सुक्या मेव्याची अॅलर्जी असेल तर विशेषच.

५. पेल्यात काय आधी, काय नंतर

साधा नियम: जे जड ते आधी. सिरप, मग बर्फ, मग दूध, सगळ्यात शेवटी एस्प्रेसो. गरम एस्प्रेसो थंड दुधापेक्षा हलकी असते, त्यामुळे बर्फाच्या खड्यावर सावकाश सोडली तर वर तरंगते आणि ते चित्रातल्यासारखे थर दिसतात. आधी गार केलेली कॉफी मात्र लगेच दुधात उतरते. थर हवेत की कमी पाणी, हे तुम्ही ठरवा. पाहुण्यांसाठी मी थर करते, स्वतःसाठी कॉफी गार करून घेते.

थरांचा एक तोटा असा की तळाचं सिरप तळाशीच राहतं. म्हणून सिरप आधी दुधात किंवा गरम शॉटमध्ये मिसळून घेतलेलं बरं. काही झालं तरी पिण्याआधी ढवळा.

आणि पेला बघून घ्या. पातळ काचेचा, नुकताच गरम पाण्याने धुतलेला पेला बर्फाने भरला तर तो तडकू शकतो. उलट, बर्फाने गारठलेल्या काचेला गरम शॉटची धार थेट लागली तरी तेच. धार नेहमी खड्यावर सोडा.

६. करून बघायला पाच पेयं

*व्हॅनिला लाटे.* व्हॅनिला सिरप १ मोठा चमचा, बर्फ १५० ग्रॅम, थंड दूध १२० मिली, शॉट ३० ते ३६ ग्रॅम. पहिल्यांदा हेच करा. यात चूक कुठे झाली ते लगेच कळतं.

*मोका.* चॉकलेट सिरप दीड मोठा चमचा गरम शॉटमध्ये पुरतं विरघळवा, मग बर्फावर ओता, वर दूध १०० मिली. नाव मोका पॉटवरून आलेलं नाही, येमेनमधल्या मोखा या जुन्या कॉफीच्या बंदरावरून आलं आहे. मोका पॉटलाही तेच नाव दिलं गेलं, म्हणून नवख्यांचा गोंधळ होतो.

*ब्राऊन शुगर-दालचिनी शेकन एस्प्रेसो.* माझं सगळ्यात लाडकं. बरणीत शॉट, सिरप एक मोठा चमचा आणि मूठभर बर्फ घाला, झाकण लावा आणि पंधरा सेकंद जीव खाऊन हलवा. गाळून ताज्या बर्फावर ओता, वर ६० मिली दूध. हलवल्याने बारीक फेस येतो आणि तोंडात ते पेय मखमली लागतं. इटलीतल्या शाकेराटोची पद्धत हीच, त्यात दूध नसतं इतकंच. धोका एकच: बर्फ न घालता गरम कॉफी बंद बरणीत हलवू नका. आतली हवा तापून फुगते आणि झाकण उडतं. छतावरचा एक तपकिरी डाग त्याची साक्ष देतो.

*एस्प्रेसो टॉनिक, संत्र्याच्या सालीसह.* पेल्यात बर्फ, संत्र्याचं सिरप अर्धा चमचा, थंडगार टॉनिक (कडसर चवीचं सोड्यासारखं पेय) १२० मिली. पेला वरून तीन बोटं रिकामा ठेवा. मग *गार केलेला* शॉट खड्यावर अगदी सावकाश सोडा. गरम कॉफी घाईने ओतलीत तर सगळा वायू एकदम सुटतो आणि फेस टेबलावर येतो. टॉनिकमध्ये क्विनीनचा कडूपणा आधीच असतो, म्हणून इथे गडद रोस्ट नको. दूध तर नकोच नको.

*गार फेसाची कॉफी.* ग्रीसमधल्या फ्रेडो कापुचिनोवरून उचललेली. शॉट बर्फासोबत हलवून पेल्यात घ्या. दुसऱ्या भांड्यात ८० मिली फ्रीजमधलं थंड, कमी स्निग्धांशाचं दूध आणि अर्धा चमचा कॅरमेल सिरप फ्रॉदरने अर्धा-पाऊण मिनिट फेसाळा आणि वर अलगद सोडा. साईचं दूध घेतलंत तर फेस लवकर बसतो. हे पेय ढवळायचं नाही, थंड फेसातून कॉफी ओढून प्यायची.

वनस्पतिजन्य दूध घेणाऱ्यांसाठी: सोया आणि बदामाचं दूध गरम शॉट पडताच फाटण्याची शक्यता असते. शॉट आधी गार करा, किंवा ‘बरिस्ता’ लिहिलेला डबा घ्या. त्यात बहुधा आम्लता सांभाळणारा क्षार घातलेला असतो. ओटचं दूध मुळातच गोडसर असतं, तिथे सिरप पाऊण चमचाच घाला.

७. बिघडलं तर कुठे बघायचं

पांचट लागतं: आधी शॉटचं वजन बघा, मग दुधाचं. बर्फ कमी करण्याचा मोह टाळा.

आंबट लागतं: दळण एक पायरी बारीक करा, किंवा थोडा गडद रोस्ट घ्या.

कडू लागतं: दळण थोडं जाड, मोका पॉट असेल तर लवकर उतरवा. सिरप वाढवून कडूपणा झाकायला गेलात तर कडू आणि गोड दोन्ही वाढतं. हा प्रयोग मी पुष्कळ केला आहे.

गोड आहे पण फ्लेवर कळत नाही: सिरपमध्ये मुरवण कमी झालं आहे. चमचे वाढवू नका, पुढच्या खेपेला कांडी किंवा साल वाढवा.

पहिला घोट फक्कड आणि शेवटचा पाणी: दुसऱ्या पायरीला परत जा. बहुधा खडे बारीक असतात, किंवा तुम्ही पेला पाऊण तास पुरवत बसलेले असता.

८. साठवण, आणि किती प्यायची

बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, सिरप निवल्यावर भरा, फ्रीजमध्ये ठेवा. साखर आणि पाणी समसमान असलेलं साधं सिरप महिनाभर राहतं. साखर दुप्पट घातली तर आणखी टिकतं, पण मग पेल्यात अर्ध्या-पाऊण चमच्याचंच माप धरा. पुदिना, संत्रं आणि चॉकलेट मी दोन आठवड्यांत संपवते. गढूळ दिसलं, आंबूस वास आला, किंवा झाकण उघडताना फुस्स झालं तर चाखूनही बघू नका, ओतून द्या. म्हणूनच ती चिकटपट्टी आणि पेन. फ्रीजमध्ये चार तपकिरी बाटल्या एका रांगेत असल्या की कुठली कॅरमेल, कुठली दालचिनी आणि कुठली मागच्या महिन्याची, हे वासावरून ओळखावं लागतं.

थंड गोड कॉफी सरबतासारखी घटाघट जाते, आणि तीत कॅफीन आहे हे लक्षातच राहत नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंतेचं नाही. गरोदर स्त्रियांसाठी दिवसभराची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. दुहेरी शॉटमध्ये शंभराच्या वर सहज असतं, आणि रोबस्टा जातीची कॉफी असलेल्या मिश्रणात त्याहून बरंच जास्त, कारण रोबस्टात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी प्यायची असेल तर डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, आणा. दालचिनीच्या सिरपखाली फरक फारसा कळत नाही.

चार-पाच जण येणार असतील तर शॉट अर्धा तास आधी काढून, गरम असतानाच त्यात सिरप मिसळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. आयत्या वेळी फक्त बर्फ आणि दूध. त्या दिवशी बर्फ माणशी दोनशे ग्रॅम धरा आणि साचे आदल्या रात्रीच भरून ठेवा.